मनोऱ्याचा पैसा, माणसाचा पैसा

वडिलांच्या लोखंडी पेटीत गेल्या वर्षी एक छोटे पुस्तक सापडले. कोपरे दुमडलेले, पाने पिवळी पडलेली. आत वर्षावर्षाच्या शुल्काची तिकिटे चिकटवलेली आणि त्यांवर टपाल कार्यालयाचे गोल शिक्के. टीव्हीच्या परवान्याचे पुस्तक ते. आमच्या घरी संच आला १९७८ साली. संच आणला की परवाना काढायचा आणि वर्षातून एकदा पोस्टात रांग लावून त्याचे नूतनीकरण करायचे, हा तेव्हाचा रिवाज होता. विसरलात तर दंड. तपासनीस कधीही दारात येऊ शकतो, अशी धास्ती वाड्यातल्या प्रत्येक घराला असायची. प्रत्यक्षात तो आल्याचे मात्र मला आठवत नाही.

ते पुस्तक हाती आले आणि दूरदर्शनविषयी इतकी वर्षे जमवलेली टिपणे मी पुन्हा उघडली. दूरदर्शनवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि दिवाळी अंकांतून तर फारच. पण त्यातले बहुतेक लेखन आठवणींचे आहे. 'गजरा' आठवतो, 'चिमणराव' आठवतो, बातम्या वाचणाऱ्या बायकांच्या साड्या आठवतात. या सगळ्याचा पैसा कुठून आला, तो कशावर खर्च झाला आणि कशावर झाला नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. माझ्या लेखी तोच मुख्य प्रश्न आहे, कारण आपण ज्या कार्यक्रमांसाठी हळहळतो ते का थांबले याचे उत्तर तिथे मिळते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. भारतातल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीला पैसा कमी पडला, ही तक्रार अर्धीच खरी आहे. यंत्राला आणि मनोऱ्याला पैसा मिळत गेला. माणसाला, म्हणजे कार्यक्रम करणाऱ्याला, त्याला शिकवणाऱ्याला आणि त्याने केलेले काम जपणाऱ्याला, तो मिळाला नाही. याचे कारण दुष्टपणा नव्हते, मोजमापाची पद्धत होती. ट्रान्समीटर मोजता येतो. त्याचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, संसदेत आकडा सांगता येतो. तीन कॅमेऱ्यांवर चाललेले नाटक पॅनेलवर बसून अचूक कापणारा निर्माता तयार व्हायला दहा वर्षे लागतात, आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाहीत.

सुरुवात मात्र माणसांपासूनच झाली होती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा हाताशी युनेस्कोचे अनुदान होते आणि आकाशवाणीच्या इमारतीतला तात्पुरता स्टुडिओ. थोड्या वस्त्यांमध्ये सामुदायिक संच ठेवले होते. त्या पहिल्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडे होते, आणि या कामासाठी ते बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आले होते. पु.लं.च्या चरित्रातला हा तपशील आपण कौतुकाने सांगतो. त्यामागचा विचार मात्र बोलून दाखवत नाही. तो असा, की नवे माध्यम आणायचे तर आधी माणूस शिकायला पाठवावा लागतो. बीबीसीने हे फार आधी ओळखले होते. वुड नॉर्टन इथे तिची अभियांत्रिकी प्रशिक्षणाची शाळा युद्धकाळापासून होती, आणि तिचा खर्च प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून निघत असे. तिथून शिकून बाहेर पडलेली माणसे पुढे ब्रिटनच्या खासगी वाहिन्यांतही गेली. त्यात काही बिघडले असे तिकडे कुणाला फारसे वाटले नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. वरळीत जमलेले निर्माते रंगभूमीवरून, आकाशवाणीवरून, शाळा-महाविद्यालयांतून आलेले होते. विनायक चासकर, याकूब सईद, सुहासिनी मुळगावकर, आकाशानंद, विजया जोगळेकर-धुमाळे ही नावे त्या पिढीच्या वाचकांना सांगायला नकोत. दूरचित्रवाणीचे तंत्र ते काम करता करता शिकले, पण शब्द, सूर आणि रंगमंच यांचे शिक्षण ते घेऊन आले होते, आणि ते महाराष्ट्राने आधीच फुकट पुरवले होते. मुंबई केंद्राची पहिली दहा वर्षे चांगली गेली याचे श्रेय आपण सरकारी अनुदानाला देतो तेव्हा हे विसरतो. हौशी नाट्यसंस्था, राज्य नाट्यस्पर्धा, आकाशवाणीचा नभोनाट्य विभाग यांनी तयार केलेल्या माणसांवर दूरदर्शनने दहा वर्षे गुजराण केली. विहीर दुसऱ्याने खणलेली होती.

नवी विहीर खणायची जागा पुण्यातच होती. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभातच्या आवारात आली. दिल्लीत चालणारे दूरचित्रवाणी प्रशिक्षण १९७४ साली तिथे हलवले गेले आणि संस्थेच्या नावातला दुसरा शब्द प्रत्यक्षात उतरला. चित्रपट आणि दूरचित्रवाणी एका आवारात, एका भिंतीच्या आत: कल्पना उत्तम होती. पण चित्रपट विभागात देशभरातून परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी शिकत. दूरचित्रवाणी विभाग मुख्यतः दूरदर्शनच्याच कर्मचाऱ्यांसाठी होता. केंद्राने पाठवलेला निर्मिती सहायक, कॅमेरामन किंवा अभियंता तिथे यायचा, अभ्यासक्रम पुरा करायचा आणि परत रुजू व्हायचा. बाहेरच्या मुलाला हे दार बंद. पदवीधरांसाठी दूरचित्रवाणीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिथे सुरू झाला तो २००३ साली.

१९७४ ते २००३ म्हणजे एकोणतीस वर्षे. त्या काळात देशात दूरचित्रवाणी मोजक्या शहरांतून प्रत्येक तालुक्यात पोहोचली, रंगीत झाली, उपग्रहावर गेली, खासगी झाली. आणि सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला देशातला प्रमुख प्रशिक्षण विभाग एकाच मालकाचे नोकर शिकवत राहिला. १९९२ साली खासगी वाहिन्या आल्या तेव्हा त्यांना लागणारे कॅमेरामन, संकलक आणि ध्वनिमुद्रक बव्हंशी दूरदर्शनमधून आले किंवा धक्के खात शिकले. याचा अर्थ सरकारने खासगी धंद्याला फुकट मनुष्यबळ दिले, पण सामान्य घरातल्या मुलाला तेच शिक्षण मागण्याचा हक्क दिला नाही. बीबीसीच्या शाळेतली माणसे बाहेर गेली तेव्हा मागे शाळा उरली होती. इथे माणसे गेली आणि त्यांच्या जागी नवी भरती झाली नाही, तेव्हा शाळेकडे शिकवायला विद्यार्थी उरले नाहीत.

या विभागाविषयी एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. बहुकॅमेरा निर्मितीची शिस्त तिथे काटेकोरपणे शिकवली जात असे. चित्रपटात एक कॅमेरा, आणि चूक झाली तर दुसरा टेक. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत तीन कॅमेरे एकाच वेळी चालू, पॅनेलवरचा माणूस क्षणाक्षणाला निवड करतो आणि फ्लोअर मॅनेजर हाताच्या खुणांनी सगळे सांभाळतो. हे कौशल्य वेगळे आहे, चित्रपटापेक्षा खालचे नाही. पुण्याच्या सांस्कृतिक वर्तुळात मात्र ते कायम खालचे मानले गेले. चित्रपट म्हणजे कला, दूरचित्रवाणी म्हणजे नोकरी. या जातिभेदाला आम्ही समीक्षकही जबाबदार आहोत. घटकांच्या चित्रपटांवर आपण पाने भरली, पण 'ज्ञानदीप'मुळे गावोगावी मंडळे निघाली, लोक जमून कार्यक्रम पाहू लागले, चर्चा करू लागले, त्यावर मराठीत एक धड समीक्षाग्रंथ नाही.

आता 'साइट'. या प्रयोगाचे नाव घेतल्यावाचून सार्वजनिक पैशाची चर्चा पुरी होत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या वापरासाठी मिळाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसवले. छतावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. महाराष्ट्र या यादीत नव्हता, पण प्रयोगाचे व्यवस्थापन एकनाथ चिटणीस या कोल्हापूरच्या माणसाकडे होते, आणि मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांचे काम मुंबईत इस्रोच्या स्टुडिओत होत असे.

'साइट'चे गोडवे गाणाऱ्यांना उपग्रह दिसतो. मला त्यातला मनुष्यबळाचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. संच बिघडला तर दुरुस्त कोण करणार, याची व्यवस्था आधी केली गेली. गावात राहून लोक काय पाहतात, काय समजते, काय नाही, हे टिपणारे समाजशास्त्रज्ञ नेमले गेले. प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान प्रशिक्षण उपग्रहावरून दोन तुकड्यांत घेतले आणि त्यात जवळपास पन्नास हजार शिक्षक शिकले. म्हणजे त्या वर्षी तरी यंत्र, कार्यक्रम, दुरुस्ती आणि पाहणी हे एकाच अंदाजपत्रकात बसले होते. पुढे हे असे कधी जमले नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हे सगळे आणीबाणीत घडले. ज्या पडद्यावर मूल विज्ञान शिकत होते, त्याच पडद्यावर संध्याकाळी सरकार स्वतःची आरती करत होते. सार्वजनिक पैसा आणि सरकारी पैसा यांत फरक असतो, हे त्या वर्षाने शिकवले. म्हणूनच १९७८ साली बी. जी. वर्गीज यांच्या समितीने आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारकडून काढून 'आकाश भारती' नावाच्या स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे द्यावे असे सुचवले. तो अहवाल आजही वाचावा असा आहे. जनता सरकारने त्याला पातळ केले, नंतरच्या सरकारने कपाटात ठेवले.

'साइट'ची खरी परीक्षा गुजरातेत खेडा जिल्ह्यात झाली. पीज गावात एक लहान, एक किलोवॉटचा ट्रान्समीटर होता. त्यावरून आसपासच्या गावांसाठी, त्यांच्याच बोलीत, त्यांनाच पुढ्यात बसवून कार्यक्रम होत. मजुरी, सावकारी, अस्पृश्यता, जनावरांचे आजार. दिल्लीतून येणाऱ्या प्रवचनांपेक्षा हे वेगळे होते, कारण ज्याच्याविषयी कार्यक्रम तो प्रेक्षक सायकलवरून येऊन निर्मात्याशी भांडू शकत होता. १९८४ साली या प्रयोगाला युनेस्कोच्या संज्ञापन कार्यक्रमाचा पुरस्कार मिळाला. १९८५ साली पीजचा ट्रान्समीटर हलवला गेला, मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी. गावकऱ्यांनी विरोध केला. तो गेलाच.

एकाच वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन घटना मी पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून पाहतो. ज्या कामाला जगाने बक्षीस दिले, त्या कामाचे यंत्र आपण काढून नेले, कारण सरकारी नोंदवहीत ते फक्त एक यंत्र होते. त्याच्याभोवती तयार झालेली माणसे, त्यांची शिकण्याची पद्धत, गावांशी जमलेले नाते यांना नोंदवहीत रकाना नव्हता. रकाना नसलेल्या गोष्टीचे नुकसानही मोजता येत नाही, म्हणून ते झाले असे कुणी मानले नाही.

त्या सुमारास दिल्लीत वेगळीच घाई चालली होती. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी रंगीत प्रक्षेपण आले. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ साली काही महिने जवळपास दिवसाला एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. दाखवायचे काय, हा प्रश्न त्यानंतर पडला. त्यासाठी १९८२ च्या अखेरीस पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला होता. त्याच्या अहवालाच्या उपशीर्षकात 'सॉफ्टवेअर' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ संगणकाचा नाही, कार्यक्रम असा आहे. शब्द बोलका आहे. यंत्र आधी ठरले, कार्यक्रम म्हणजे त्यात घालायचा माल. जोशींनी हाच क्रम उलटा करायला सांगितला. केंद्रे विकेंद्रित करा, स्थानिक निर्मितीवर आणि प्रशिक्षणावर खर्च करा, भारतीय चेहरा शोधा. अहवाल छापून यायला १९८५ उजाडले. तोवर 'हम लोग' सुरू होऊन लोकप्रियही झाली होती, पुरस्कर्त्या कंपनीच्या पैशावर.

इथे माझे काही मित्र मला थांबवतात. ते म्हणतात, जाहिरातींनीच तर दूरदर्शनला वाचवले. 'हम लोग', 'बुनियाद', 'भारत एक खोज', 'तमस' हे अनुदानाच्या रखरखीत काळात झाले असते का? प्रश्न रास्त आहे. 'हम लोग' ही प्रायोजित मालिका होती आणि तिचा लेखक मनोहर श्याम जोशी हिंदीतला मोठा लेखक होता, हे खरेच. पण याच प्रश्नात उत्तरही आहे. 'भारत एक खोज' करणारे श्याम बेनेगल आणि 'तमस' करणारे गोविंद निहलानी दूरदर्शनने घडवले नव्हते. ते समांतर चित्रपटातून आले होते. पुन्हा दुसऱ्याची विहीर. प्रायोजकाने कार्यक्रमाला पैसा दिला, शाळेला दिला नाही. देणारही नव्हता, त्याला त्याची गरज नव्हती. आणि जाहिरातीचा पैसा हातात आल्यावर सरकारला परवाना शुल्काचे झंझट नकोसे झाले. १९८० च्या दशकाच्या मध्याला ते रद्द झाले.

वाड्यात तेव्हा आनंद झाला. माझ्या वडिलांनाही. पण शुल्कामुळे प्रेक्षक आणि प्रक्षेपक यांच्यात एक व्यवहार होता. मी पैसे भरतो, म्हणून मी विचारू शकतो. तो पैसा खरे म्हणजे थेट कार्यक्रमाला जात नव्हता, सरकारी तिजोरीत जात होता, त्यामुळे बीबीसीसारखा तो दावा आपण कधी केलाही नाही. तरी तो करता आला असता. शुल्क गेल्यावर प्रेक्षक हा जाहिरातदाराला विकायचा माल झाला आणि सरकारच्या दृष्टीने लाभार्थी. दोन्ही भूमिकांत त्याला बोलण्याची जागा नाही.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर बालचित्रवाणीकडे पाहावे. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, इन्सॅटचा वेळ शाळांसाठी वापरायचा म्हणून. मराठी मुलांसाठी मराठीत, अभ्यासक्रमाला धरून कार्यक्रम. ज्यांनी शाळेत टीव्हीसमोर बसून ते पाहिले त्यांना शीर्षकगीताची चाल अजून येते. ही संस्था स्टुडिओ होती, तशी शाळाही होती. लेखक, शिक्षक, कॅमेरामन, बाहुलीकार, नेपथ्यकार एकत्र बसून आठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांक कसा दाखवायचा यावर वाद घालत. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. पुढे केंद्राचे अनुदान आटले, राज्याने ओझे उचलायला टाळाटाळ केली, पगार रखडले आणि २०१७ साली संस्था बंद करण्याचा निर्णय झाला. कारण दिले गेले ते कालबाह्यतेचे: आता इंटरनेट आहे, ई-शिक्षण आहे. तीन वर्षांत टाळेबंदी आली आणि महाराष्ट्रातले शिक्षक स्वयंपाकघरातल्या भिंतीला फळा टेकवून, मोबाइल डब्याला उभा करून धडे चित्रित करू लागले. प्रकाश कुठून घ्यावा, आवाज कसा टिपावा, मुलाशी कॅमेऱ्यातून कसे बोलावे, हे त्यांना सांगणारी माणसे पुण्यातच होती. ती घरी बसवलेली होती.

मी हे रागाने लिहीत आहे, याची मला जाणीव आहे. पण बालचित्रवाणीचे सगळे कार्यक्रम चांगले होते असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ कंटाळवाणे होते, काही तर पाठ्यपुस्तकाचे वाचनच. वीस वर्षे तेच नेपथ्य, तीच प्रकाशयोजना. पण संस्था सुस्त झाली तर नवी माणसे आणून, त्यांना शिकवून ती हलवायची असते, आणि भरती बंद असेल तर ते शक्य नसते.

भरतीचा हा मुद्दा प्रसार भारतीलाही लागू आहे. कायदा १९९० साली झाला, अमलात आला १९९७ साली. कायद्यात भरती मंडळाची तरतूद होती. मंडळ स्थापन झाले २०२० साली. कायद्यात संसदीय समितीचीही तरतूद होती, ती कधी बसलीच नाही. मधल्या काळात जुने कर्मचारी सरकारी सेवक म्हणून निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी कंत्राटी, नैमित्तिक माणसे आली. कंत्राटी माणसाला कुणी प्रशिक्षणाला पाठवत नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. त्या वेळी ठळकपणे सांगितलेले आकडे काय होते? एफएम किती भूभागावर आणि किती टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचेल, आठ लाखांहून अधिक डिश संच कुठे वाटले जातील. आशयाचा उल्लेख होता. पण मोजले गेले ते क्षेत्रफळ. आणि १९८४ च्या घाईत उभे राहिलेले बहुतेक भूस्थित प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झालेले होते. मनोरेसुद्धा टिकले नाहीत. शिवाय त्या डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावात देऊन पैसा मिळवला जातो. देशाची दूरचित्रवाणी भाड्याने खोल्या देणाऱ्या चाळमालकाच्या भूमिकेत आली आहे.

आणि ज्यांच्या आठवणी आपण दर दिवाळीला काढतो, ते मुंबई केंद्राचे कार्यक्रम? फीत महाग होती, परदेशातून यायची. एकदा प्रक्षेपण झाले की पुसायची आणि तिच्यावर पुढचा कार्यक्रम ध्वनिचित्रित करायचा. सुरुवातीच्या वर्षांतले पुष्कळ काम असेच गेले. त्यामुळे आज कुणी तरुण निर्माता विचारतो की तेव्हा तीन कॅमेऱ्यांत 'गजरा' कसा बसवत, तर त्याला दाखवायला फार थोडे आहे. मी त्याला आठवण सांगतो. आठवणीवरून कॅमेरा लावता येत नाही.

प्रसार भारती कायद्याच्या सतराव्या कलमात सरकारने महामंडळाला कोणकोणती रक्कम द्यावी ते लिहिले आहे. पहिली बाब आहे प्रक्षेपण-ग्राहक परवान्याच्या शुल्काची वसुली, आणि तिच्यापुढे 'असल्यास' अशा अर्थाचे दोन शब्द. कायदा झाला तेव्हा ते शुल्क बंद होऊन काही वर्षे झाली होती. कुणीतरी मसुदा लिहिताना ती ओळ ठेवली, पुन्हा कधी लागेल या आशेने असेल किंवा जुन्या कागदावरून उतरवताना राहून गेली असेल. कलम अजून तसेच आहे. वडिलांचे पुस्तक मी त्याच पानात खूण म्हणून ठेवले आहे.